निराधार स्त्रियांसाठी अन्नसाहाय्य : चिरक्षीणाच्या दृष्टीने विचार

धन्वंतरी जयंती, आषाढी-कार्तिकी एकादशीनंतरचे पारणे, संस्थेचा वर्धापनदिन अथवा घरातील वडीलधाऱ्यांची पुण्यतिथी अशा निमित्तांनी आपल्यापैकी अनेक वैद्य व औषधालयचालक अन्नदान करतात. एस. टी. स्थानकाबाहेर, रेल्वेपुलाखाली, देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या स्त्रियांना त्या दिवशी पुरी, श्रीखंड, जिलेबी, मसालेभात असे साग्रसंगीत भोजन मिळते. देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो यात आम्हांस शंका नाही. परंतु चूर्णाच्या एका पुडीसाठीही मात्रा, काल आणि अनुपान ठरविणारे आपण, महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेल्या स्त्रीपुढे पान वाढताना यांपैकी काहीच विचारीत नाही. काश्यपाचार्यांनी आहारास महाभैषज्य म्हटले आहे. भैषज्य म्हटले की त्यास मात्रा आली, आणि अयोग्य मात्रेचा अपायही आला. निराधार स्त्रीला दिलेले अन्न तिच्या अंगी लागावे यासाठी वैद्याने काय पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ही स्त्री कोण?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार व्यक्ती बेघर म्हणून नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रातील संख्या २ लाखांहून अधिक होती. देशातील या बेघरांत दहांपैकी चार स्त्रिया होत्या. रात्री रस्त्यावर झोपलेल्यांची मोजणी करताना स्त्रिया सहज निसटतात. त्या आडोशाला झोपतात, किंवा झोपतच नाहीत. त्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण याहून कमी असण्याची शक्यता आम्हांस दिसत नाही. ज्यांना छप्पर आहे, पण चूल पेटेलच याची खात्री नाही अशा स्त्रिया या गणनेत धरलेल्याच नाहीत. टाकून दिलेल्या, विधवा, घरातील मारहाणीमुळे बाहेर पडलेल्या, मुलांनी तीर्थक्षेत्री आणून सोडलेल्या वृद्धा, मनोविकाराने घर सुटलेल्या, कचरा वेचून पोट भरणाऱ्या, अशा अनेक वाटांनी स्त्री या स्थितीला येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. हा आकडा घरादारातील स्त्रियांचा आहे. उघड्यावर राहणारीची अवस्था काय असेल, हे सांगण्यास वेगळ्या सर्वेक्षणाची गरज नसावी.

सद्यःक्षीण आणि चिरक्षीण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील संतर्पणीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. प्रमेह आणि स्थौल्य यांच्या निमित्ताने त्याचा पूर्वार्ध नेहमी चर्चेत येतो. उत्तरार्ध मात्र मागे पडतो, कारण अपतर्पणाचा रुग्ण आपल्या चिकित्सालयात क्वचितच येतो. तो येत नाही याचे कारण त्याच्याजवळ तपासणीचे शुल्क नसते.

त्या उत्तरार्धात अपतर्पणजन्य व्याधींची गणना आहे. बल-वर्ण-मांसाचा क्षय, ज्वर, कास, हृदयव्यथा, मलमूत्राचा अवरोध, जंघा-ऊरु-त्रिकप्रदेशी शूल, प्रलाप, उन्माद. रस्त्यावरील एखाद्या वृद्धेजवळ पाच मिनिटे बसून विचारपूस केली, तर ही यादी जवळजवळ अनुक्रमाने ऐकावयास मिळते. यांतील शेवटच्या दोन लक्षणांकडे विशेष लक्ष द्यावे. असंबद्ध बोलणारी, चिडणारी, अन्न साठवून ठेवणारी स्त्री ‘वेडी’ म्हणून सोडून दिली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी ३६ निरोगी, स्वेच्छेने सहभागी झालेल्या तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षणे केली. या धडधाकट तरुणांतही औदासीन्य, चिडचिड, एकलकोंडेपणा आणि अन्नाविषयी सतत ध्यास ही लक्षणे उत्पन्न झाली. तेव्हा काही दिवस नियमित अन्न पोटात गेल्याशिवाय कोणत्याही निराधार स्त्रीच्या मनोवस्थेविषयी निदान करू नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते.

त्याच अध्यायात क्षीणाचे दोन प्रकार केले आहेत. अल्पकाळात क्षीण झालेला तो सद्यःक्षीण. तो सद्यस्तर्पणाने लवकर भरून येतो. दीर्घकाळ क्षीण होत गेलेला तो चिरक्षीण. त्याला संतर्पणाचा अभ्यासच, म्हणजे सातत्य हवे. त्याचा देह, अग्नी, दोष, मात्रा व काल पाहून चिकित्सकाने घाई न करता उपचार करावेत, असा स्पष्ट निर्देश तेथे आहे. प्रवासात दोन दिवस उपाशी राहिलेला यात्रेकरू सद्यःक्षीण होय. त्याला पंगतीत बसविण्यास हरकत नाही. पुलाखालची स्त्री चिरक्षीण आहे. दोघांना एकच ताट वाढणे हा आपल्या शास्त्राच्या दृष्टीने प्रज्ञापराधच म्हणावा लागेल.

पाश्चात्त्य वैद्यकाचा अनुभव

हा भेद पाश्चात्त्य वैद्यकास युद्धकाळात फार मोठी किंमत देऊन कळला. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने जर्मनीतील बर्गेन-बेल्सन ही छळछावणी मुक्त केली. तेथील हजारो बंदी उपासमारीने मरणासन्न होते. सैनिकांनी कणव येऊन जवळचे डबाबंद मांस व इतर जड शिधा त्यांना दिला. मुक्ततेनंतरच्या काळात तेथील सुमारे १४ हजार बंदी दगावले. प्रलापक ज्वराची साथ आणि आधीची उपासमार ही मुख्य कारणे होती, परंतु न झेपणाऱ्या अन्नानेही काहींचा बळी घेतला. नंतर तेथे भात आणि साखर यांचे एक पातळ मिश्रण देऊन पाहण्यात आले. ते १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात उपयोगात आणलेले होते आणि त्याच नावाने ओळखले जाई. युरोपातील बंद्यांना ते फार गोड लागले व अनेकांनी नाकारले. सात्म्याचा विचार सुटला की योग्य कल्पही वाया जातो, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आज या अवस्थेस ‘रिफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. दीर्घ उपासमारीत शरीर मेद व मांस जाळून चालते आणि पेशींतील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचा साठा रिता होतो. रक्ततपासणीत हे क्षार तरीही ठीक दिसू शकतात. अशा व्यक्तीने एकाएकी पिष्टमय व गोड पदार्थ भरपूर खाल्ले की इन्सुलिन वाढते, उरलेले क्षार पेशींत ओढले जातात आणि रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीवर उतरते. थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ‘ब-१’ याचीही गरज अचानक वाढते. परिणामी अन्न सुरू झाल्यापासून काही दिवसांत पायांवर सूज, धाप, हृदयाची अनियमित गती, स्नायूंची दुर्बलता, संभ्रम ही लक्षणे दिसू लागतात आणि क्वचित मृत्यू ओढवतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या व्यक्तीस पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून अधिक आहार देऊ नये. अतिजोखमीच्या रुग्णास वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० कॅलरींपासून आरंभ करावा, आणि थायमिन आधी सुरू करावे.

‘हे सर्व आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो. आम्ही तो टाळू इच्छितो. पेयादि संसर्जनक्रम हा मुख्यतः शोधनानंतर मंदावलेल्या अग्नीसाठी सांगितला आहे. क्षारांच्या चढउताराचे ज्ञान हा वेगळ्या परंपरेचा शोध आहे. मात्र दोहोंचा व्यवहारातील आदेश एकाच दिशेचा आहे, आणि आपल्याजवळ तो स्वयंपाकघरात उतरविण्याची रीत तयार आहे, हे महत्त्वाचे.

पेयेचे गणित

पेया, विलेपी, अकृत यूष, कृत यूष, मांसरस हा क्रम वाचकांस सांगावयास नको. प्रधान शुद्धीत प्रत्येकाचे तीन अन्नकाल, मध्यमात दोन, अवरात एक. ठिणगीवर आधी गवताची काडी, मग शेणाचा चुरा घालावा आणि अग्नी फुलल्यावर मोठे लाकूड, हा दृष्टान्तही परिचित आहे. शार्ङ्गधराने पेयेस १४ पट, विलेपीस ४ पट आणि यूषास १८ पट पाणी सांगितले आहे.

आता थोडा हिशेब करू. एक किलो तांदूळ आणि चौदा लिटर पाणी यांपासून, आटून, सुमारे बारा लिटर पेया होते. पाव लिटरचा एक पेला धरल्यास ४८ पेले. एक किलो तांदळात साधारण ३,५०० कॅलरी असतात. म्हणजे एका पेल्यात फार तर ७० ते ७५. त्यात चमचाभर तूप घातले तर आणखी ४० ते ४५. चाळीस किलो वजनाच्या स्त्रीस अतिजोखमीच्या अवस्थेत दिवसाला ४०० कॅलरींपासून आरंभ करावयाचा, तर तुपासह तीन ते चार पेले झाले. पहिल्या दिवसाची मात्रा येथे बरोबर जुळते. याउलट पाच पुऱ्या, वाटीभर श्रीखंड, दोन जिलेब्या व मसालेभात यांचे ताट एका बैठकीत हजार कॅलरींच्या पुढे जाते.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही वाचला पाहिजे. केवळ ७० कॅलरींचा पेला आठवडाभर देत राहिलो, तर ती उपासमारच होय. शिवाय पॉलिश केलेल्या तांदळात थायमिन व फॉस्फेट कमी असते, म्हणून मुगाचा यूष लवकर आणावा आणि सोसत असल्यास दूध द्यावे. शक्य तेथे हातसडीचा तांदूळ वापरावा. पाच-सात दिवसांत मऊ खिचडी, भाकरी-वरण, पालेभाजी, ताक येथपर्यंत पोहोचणे अपेक्षित आहे.

आणखी एक गोष्ट निःसंदिग्धपणे नोंदवितो. अन्नछत्रावर येणाऱ्या बहुतेक स्त्रिया अर्धपोटी असतात, पूर्ण उपाशी नसतात. ज्या स्त्रीने काल आणि परवा भाकरी खाल्ली आहे, तिला क्रमाच्या नावाखाली पेयेवर ठेवणे हा तिच्यावर अन्याय होईल. तिला साधे, ताजे, पुरेसे जेवण द्यावे. क्रम आहे तो अत्यंत कृश, आजारातून उठलेली, किंवा पाच-सहा दिवस पोटात काही न गेलेली स्त्री यांच्यासाठी. भेद करण्यासाठी दोनच प्रश्न पुरतात : शेवटचे पोटभर कधी जेवलात, आणि गेल्या चार-पाच दिवसांत काय-काय खाल्लेत. प्रश्न वाढणाऱ्या स्वयंसेवकाने ओळीत उभे राहून मोठ्याने विचारू नयेत. बाजूला बसवून, शक्यतो स्त्री वैद्येने विचारावेत.

अन्न सुरू केल्यावर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पायांवर नवी सूज, धाप, छातीत धडधड किंवा गोंधळलेपणा दिसला, तर त्यास पांडुजन्य शोथ समजून पुनर्नवेचा काढा सुरू करू नये. त्या स्त्रीस तत्काळ शासकीय रुग्णालयात न्यावे आणि किती दिवसांच्या उपासानंतर अन्न सुरू केले हे तेथील डॉक्टरांना सांगावे. हे एक वाक्य सांगितल्यास योग्य रक्ततपासण्या लवकर होतात. गर्भिणी असल्यास लक्षणांची वाट न पाहता आरंभीच रुग्णालयाशी जोडून द्यावे.

ती केव्हा, कोठे आणि कशी जेवते

आहारविधीच्या आठ आयतनांपैकी राशीचा विचार वर झाला. व्यवहारात अधिक अडचणी येतात त्या काल, देश आणि उपयोक्ता यांच्या ठिकाणी, आणि येथे स्त्रीचा प्रश्न पुरुषाहून निराळा होतो.

रस्त्यावर राहणारी स्त्री सायंकाळनंतर पाणी पीत नाही. सार्वजनिक शौचालय रात्री बंद असते, किंवा पैसे मागते, किंवा तेथवर अंधारातून जाणे धोक्याचे असते. न वेगान् धारणीय अध्यायात मूत्रवेगधारणाने बस्ती व मेहनप्रदेशी शूल, मूत्रकृच्छ्र, शिरःशूल सांगितले आहेत. ही लक्षणे या स्त्रियांत नित्याची असतात. आता आपण सदिच्छेने रात्री आठ वाजता तिच्यापुढे पातळ पेयेचा पेला धरला तर ती तो नाकारील, किंवा घेऊन बाजूला ओतून देईल. यात उर्मटपणा मुळीच नसून सारासार विचार आहे. म्हणून द्रव पदार्थ सकाळी आणि दुपारी द्यावेत. सायंकाळी, सूर्यास्तापूर्वी, विलेपी किंवा घट्ट मऊ भात द्यावा. वाटपाची जागा उघड्या असलेल्या शौचालयाजवळ असेल तर उत्तमच. ग्रंथांतील क्रम हा घरी, परिचारक जवळ असलेल्या रुग्णासाठी आहे. तो रस्त्यावर आणताना एवढा बदल अपरिहार्य होय.

लग्नसमारंभातील उरलेले अन्न रात्री अकराला पोहोचविण्याची पद्धत शहरांत आहे. अन्न वाया जाऊ नये हा विचार योग्यच. परंतु त्या वेळी गाडीभोवती पुरुषांचा गराडा पडतो आणि एकटी स्त्री जवळ येत नाही. शिवाय ते अन्न तेलकट, मसालेदार आणि चार-सहा तास आधी शिजविलेले असते. अशा वाढीव अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र विनियम आहेत. जे बंधू हे काम करतात त्यांनी ते अवश्य पाहावेत. स्त्रियांची ओळ वेगळी, वेळ दिवसाची आणि वाढणाऱ्यांत स्त्रिया, एवढे केले तरी येणाऱ्यांत फरक पडतो.

तिच्याबरोबर मूल असेल तर ती आपले पान त्याला देणार हे गृहीत धरावे. मुलाला वेगळे व आधी वाढावे, मग आई खाते. वृद्धांना दात नसतात. भाकरीचा तुकडा, शेंगदाणे, फुटाणे त्यांना निरुपयोगी आहेत, हे वाढणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. भाकरी वरणात कुस्करून द्यावी. उद्याची शाश्वती नसल्याने अनेक जणी अन्न बांधून ठेवतात, आणि खिचडी दुसऱ्या दिवशी आंबते. म्हणून जेवणाबरोबर टिकाऊ असे काही द्यावे. सातूचे पीठ यासाठी आम्हांस सर्वांत सोयीचे वाटते. संतर्पणीय अध्यायातील मंथांचा आधारही सातूच आहे. भाजलेल्या गव्हाचे आणि डाळ्याचे पीठ गूळपाण्यात कालवले की चूल, भांडे, दात यांपैकी कशाचीही गरज राहत नाही. १९७२ च्या दुष्काळात कामांवरील मजुरांना सुकडी दिली गेली होती, ती ज्यांनी खाल्ली त्या पिढीला कोरड्या पिठाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

पंढरपूर, आळंदी अशा ठिकाणी आणखी एक बाब. निराधार असली तरी वृद्धा एकादशी मोडत नाही. त्या दिवशी भात-डाळ वाढल्यास ती उपाशी राहते. राजगिऱ्याचे लाडू, रताळे, दूध, केळे यांची सोय ठेवावी. भगरीचे तयार पीठ मात्र टाळावे. जुन्या, दमट पिठातून विषबाधा झाल्याच्या घटना आपल्याकडे उपवासाच्या दिवसांत वारंवार घडतात.

मनोविकारग्रस्त स्त्री शिजविलेल्या अन्नावर संशय घेते. न सोललेले केळे, न फोडलेली बिस्किटाची पुडी ती स्वीकारते. तेथूनच आरंभ करावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा बेघर व्यक्तीस उपचारांपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी स्थानिक पोलिसांवर टाकली आहे, हेही माहीत असावे.

छायाचित्रे काढू नयेत. मारहाणीमुळे घर सोडलेल्या स्त्रीचा ठावठिकाणा वृत्तपत्रातील एका छायाचित्राने उघड होऊ शकतो.

औषधालयातून काय द्यावे

औषधविक्रेते बंधूंना येथे काहीसे परखड सांगावे लागत आहे. अन्नदानाच्या दिवशी मुदत संपत आलेल्या बलवर्धक बाटल्या वाटण्याची पद्धत काही ठिकाणी आमच्या पाहण्यात आली आहे. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. रिकाम्या पोटी, कृश, कदाचित गर्भवती असलेल्या स्त्रीच्या हाती, मात्रा न सांगता, अशी बाटली देणे योग्य नव्हे. दीपन-पाचन चूर्णांविषयी तर काय बोलावे? जिला अन्न नाही तिला भूक वाढविण्याचे औषध देणे, ही थट्टा नकळत होत असली तरी थट्टाच आहे. च्यवनप्राश हे रसायन आहे, आणि जेवणाची जागा रसायन घेत नाही.

रक्ताल्पतेबाबत लोहकल्प तपासणीशिवाय वाटू नयेत. शासकीय आरोग्यकेंद्रांत लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. गर्भिणीस १८० दिवस आणि प्रसूतीनंतर १८० दिवस त्या देण्याचे धोरण आहे. त्या सोसत नसतील तेथे वैद्याने पाहून मंडूर किंवा लोहाचा सौम्य कल्प योजावा. अन्नछत्रात मात्र एक साधी दक्षता घेता येते : जेवणाबरोबर चहा देऊ नये, कारण त्याने अन्नातील लोहाचे शोषण घटते. त्याऐवजी आवळ्याची फोड किंवा लिंबू द्यावे. चहा हाच ज्यांचा आहार झाला आहे त्यांना तो तोडणे जड जाते, म्हणून जेवणापासून तासाभराच्या अंतराने द्यावा. औषधालयाने देण्यासारख्या वस्तू खरे तर वेगळ्याच आहेत : गायीचे तूप, सातू, मनुका, खजूर, नाचणीचे सत्त्व, अळीव, आवळकाठी. यांची खरेदी घाऊक भावात आपल्यालाच सर्वांत सुलभ आहे.

शिधापत्रिका हेही साहाय्य

आपले अन्नछत्र फार तर काही दिवसांचे. चिरक्षीणास हवे असलेले सातत्य शासनाच्या धान्यव्यवस्थेतूनच येऊ शकते. म्हणून या व्यवस्थेची माहिती वैद्याने ठेवणे आवश्यक आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने कुटुंबातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख ठरते. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य आहे, तर अंत्योदय कुटुंबास, माणसे कितीही असोत, ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य देण्यात येऊ लागले आणि जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ही सवलत वाढविण्यात आली. एकट्या स्त्रीच्या दृष्टीने या दोन श्रेणींतील अंतर किती मोठे आहे पाहा. एकीत महिन्याला ५ किलो, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. दुसरीत त्याच्या सातपट. अंत्योदय योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्कासंबंधीच्या याचिकेत २ मे २००३ रोजी जो आदेश दिला, त्यात निराधार स्त्रिया, नियमित आधार नसलेल्या विधवा व एकल स्त्रिया, गर्भिणी व स्तन्यदा माता, आधार नसलेले वृद्ध यांना अंत्योदयात घेण्याचे स्पष्ट निर्देश होते. तरीही तहसील कार्यालयात एकट्या स्त्रीस ‘तुमचे नाव नवऱ्याच्या कार्डावर आहे’ असे सांगून परत पाठविले जाते. अशा वेळी अर्ज लिहून देणे, वास्तव्याचा दाखला मिळविण्यास साहाय्य करणे आणि पोच घेणे हे काम सुशिक्षित व्यावसायिकास एका दुपारचे आहे. तिला एकटीने ते वर्षभरात साधत नाही.

गर्भवती व प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंतच्या मातेस अंगणवाडीतून विनामूल्य आहार हा त्याच कायद्यातील हक्क आहे. महाराष्ट्राने २०१५ पासून आदिवासी भागांतील गर्भवती व स्तन्यदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून एक वेळचे पूर्ण जेवण सुरू केले. अशा भागांत व्यवसाय करणाऱ्या बंधूंनी अंगणवाडीशी परिचय ठेवावा.

धान्य मिळाले तरी जिला चूल, सरपण, भांडे नाही तिचे काय, हा प्रश्न उरतोच. तिला शिजविलेले अन्नच हवे. शासनाची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झाली : दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. ही दुपारच्या जेवणाची व्यवस्था होय. आपल्या गावात असे केंद्र चालू असेल तर आपण दुपारचे जेवण न देता सकाळची पेया व सायंकाळचा मऊ भात द्यावा, म्हणजे दिवस भरून निघतो.

स्वयंपाक कोणी करावा, याविषयीही आमचे मत नोंदवितो. आचारी लावण्याऐवजी हे काम वस्तीतील बचत गटाच्या स्त्रियांना मोबदला देऊन सोपवावे. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खाणावळवाल्या बायांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि सावकाराच्या विळख्यातून सोडविले. रांधण्याच्या कौशल्यावर त्या बाया उभ्या राहिल्या. आज ओळीत बसलेली स्त्री बरी झाल्यावर याच चुलीपाशी कामास लागू शकते, ही शक्यता खुली राहिली पाहिजे. आचाऱ्याच्या पातेल्याशी तिचा असा संबंध येत नाही.

खर्चाचा अंदाज विचारला जातो. आमचे सांगणे असे की, वर्षातून एकदा पाचशे पाने उठविण्यासाठी जो खर्च येतो, त्यात वीस स्त्रियांना पेयेपासून भाकरीपर्यंतचा संपूर्ण क्रम नीट देता येतो, आणि महिनाभर सातू पुरविता येतो. निवड करणे कठीण जाते हे मान्य. पंगत दिसते, पेला दिसत नाही.

आरंभ करणाऱ्यांनी एका वहीत प्रत्येक स्त्रीचे तिने सांगितलेले नाव, शेवटचे जेवण, पहिल्या दिवसाचे वजन, पायांवरील सूज आणि रोज दिलेले अन्न एवढे लिहावे. कागदपत्र मागू नये. औषधालयातील साधा वजनकाटा पुरतो. आठव्या दिवशी वजन व सूज दोन्ही पुन्हा पाहावी. वजन वाढले आणि सूजही वाढली, तर ते वजन मांसाचे नव्हे.

आणि अन्नछत्र ज्या दिवशी थांबवावयाचे तो दिवस किमान आठवडाभर आधी सांगावा. फलक लावून भागत नाही, कारण अनेक जणींना वाचता येत नाही. ओळीत फिरून प्रत्येकीस तोंडी सांगावे, त्यानंतर जवळ कोठे व किती वाजता जेवण मिळेल हे सांगावे, आणि शेवटच्या दिवशी पंधरा दिवस पुरेल इतका सातू बांधून द्यावा.